एक मेंढपाळ, एक मिनिट

साळूबाईच्या घरात घड्याळ नव्हतं, आणि असतं तरी तिला ते वाचता आलं नसतं. छावणीच्या मागच्या त्या वस्तीत घड्याळं तशी दोनच. एक पाळकसाहेबांचं आणि एक पेन्शनीत निघालेल्या सुभेदाराचं. त्यातलं सुभेदाराचं बंद. तरीही भात कधी उतरवायचा आणि अंडं किती उकडायचं, हे साळूबाईइतकं बिनचूक कुणी सांगावं! चहाला दोन मेंढपाळ. अंड्याला आठ. भाताला उपकारांचं मोठं स्तोत्र सात वेळा, आणि लाकडं ओली असली तर वर चारदा प्रभूची प्रार्थना.

मेंढपाळ म्हणजे तेविसावं स्तोत्र. देवाला मेंढपाळ म्हणणारं, हिरव्या कुरणात सुरू होऊन काळोख्या दरीतून जाणारं आणि काठोकाठ भरलेल्या पेल्याशी येणारं. ख्रिस्ती घरातल्या पोरांच्या कानावर ते दात यायच्या आधीच पडतं. साळूबाईनं मात्र त्याला थेट कामाला जुंपलं होतं. वस्तीतल्या बायका तिची थट्टा करायच्या. "साळूबाई, देवाचं वचन चुलीवर चढवलंस की गं!" साळूबाई जागची न हलता म्हणायची, "मग काय कपाटात ठिवू? कपाटात उंदरं खात्यात."

ही खोड तिला लावली लक्ष्मीबाईनं. लक्ष्मीबाई ही मिशनची बायबलबाई. काखेत पुस्तक मारून ती घरोघर फिरायची आणि ज्या बायकांना अक्षराची ओळख नाही त्यांच्याकडून वचनं पाठ करून घ्यायची. तिची रीत मोठी शहाणपणाची होती. ती कुणाला समोर बसवून शिकवतच नसे. बाई दळत असेल तर ही जात्याशी, बाई धुणं धूत असेल तर ही दगडाशी. प्रत्येक कामाला ती एकेक वचन बांधून द्यायची. केर काढायचं वेगळं, दिवा लावायचं वेगळं, पोराला झोपवायचं वेगळं. काम निघालं की वचन आपोआप ओठावर यायचं.

पुढं साळूबाई सुईणपण शिकायला मिशनच्या दवाखान्यात सहा महिने राहिली, तेव्हा तिथल्या गोऱ्या सिस्टरबाईनं कपाळाला हात लावला. दोन कळांमधलं अंतर मोजायचं तर घड्याळ हवं, आणि ह्या बाईला मोठा काटा कुठला तेही उमजेना. शेवटी सिस्टरबाईनं विचारलं, "तुला पाठ काय येतं?" साळूबाईनं मेंढपाळ म्हणून दाखवला. मग सिस्टरबाईनं हातात घड्याळ धरून तो तिच्याकडून रोज वीस-वीस वेळा म्हणवून घेतला. इथं थांब, इथं श्वास घे, दरीपाशी घाई करू नकोस. महिन्याभरात एक मेंढपाळ आणि एक मिनिट तंतोतंत जुळले. त्या हिशेबावर साळूबाईनं एकोणीस वर्षांत तीनशेच्या वर पोरं जगात आणली.

हे घड्याळ एकदाच खोटं निघालं, आणि निघालं तेही तिच्या पोटच्या पोरीच्या वेळी.

पोलीस ॲक्शनचे ते दिवस. आकाशात विमानं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. कुणी म्हणे रझाकार मागं फिरलेत, कुणी म्हणे फौज जवळ आली. अशात साळूबाईची लेक सारजा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, आणि पोर पायाळू, म्हणजे डोकं वर आणि पाय खाली. सिस्टरबाईनं पायाळूचा नियम घोटून घेतला होता. कळांमध्ये पाच मेंढपाळांहून जास्त अंतर असेल तर बाईला लगेच मोठ्या दवाखान्यात हलवायचं. पाचाच्या आत असेल तर जागचं हलवायचं नाही, कारण मग पोर वाटेतच येणार, आणि हलत्या गाडीत पायाळू पोर कुणाच्यानं सुखरूप निघत नाही. साळूबाईनं मोजलं. सहा भरले. तिनं सारजाला बैलगाडीत घातलं. खाम नदीच्या अलीकडंच, गाडीच्या हादऱ्यांत, पोर कमरेपर्यंत आलं आणि डोकं अडकलं. नातू गेला. दिवस मावळायच्या आत सारजाही गेली.

लोक म्हणाले, दिवसच वाईट होते. पाळकसाहेब म्हणाले, देवाची इच्छा. साळूबाईनं दोघांपुढं मान हलवली. मनात मात्र एकच गोष्ट घट्ट बसली, की मी सहा मोजले होते. मी नेमाप्रमाणं वागले. मग खोटं कोण? ती देवावर रुसली, आणि रुसली ती अशी की कुणाला पत्ता लागला नाही. रविवारी चर्चला जायची, चहाला दोन आणि अंड्याला आठ म्हणायची, लोकांची बाळंतपणं करायची. पण शब्द नुसते जिभेवरून जायचे. घड्याळाची टिकटिक कुणी कान देऊन ऐकतं का? तसंच ते. सारजाच्या कबरीवर ती दर महिन्याला फुलं ठेवी, पण तिथं उभं राहून ते स्तोत्र तिनं चार वर्षांत एकदाही म्हटलं नाही.

तिच्या खोलीला लागून नूरमोहम्मद टांगेवाल्याची खोली होती. मधली भिंत मातीची, आणि अशी की इकडं ठसका लागला तर तिकडून पाणी यावं. पोलीस ॲक्शननंतरचे कित्येक दिवस नूरमोहम्मदनं भीतीनं दार उघडलं नव्हतं. तेव्हा साळूबाईच परसातल्या भिंतीवरून ज्वारीच्या पिठाचं भांडं पलीकडं सरकवायची. पुढं त्यानं पैठणकडची जहांआरा लग्न करून आणली. सतरा वर्षांची पोर, घरात सासू ना नणंद. नवरा टांगा घेऊन गेला की ती भिंतीपलीकडच्या साळूबाईचे आवाज ऐकत बसायची. साळूबाईचा चहा झाला की तिला न बघता कळायचं. ती तिला साळूखाला, म्हणजे साळूमावशी, म्हणे.

आता त्या दिवसाकडं येऊ. सन बावन्नचा भाद्रपद. पावसानं उघडीप दिली होती आणि ऊन अंगाला चिकटत होतं. सकाळी साळूबाई भांडी घासत होती, तेवढ्यात नूरमोहम्मद दारात आला. त्याच्या अंगात सदरा उलटा होता.

"साळूखाला, जरा चला. फजरच्या नमाजापासून दुखतंय म्हणते. मला आत्ता बोलली."

साळूबाईनं हात धुतले, गाठोडं उचललं आणि ती गेली. जहांआरा भिंतीला टेकून बसली होती. ओठ चावून चावून पांढरे झालेले. साळूबाईनं तिला आडवं केलं, हाताला तेल लावलं आणि पोटावरून सावकाश फिरवलं. खाली मऊ लागलं. तिनं भुवया आवळल्या. वर, बरगडीच्या खाली, काहीतरी गोल आणि टणक हाताला लागलं. तिनं पुन्हा चाचपलं. शंकाच नको. डोकं वर होतं.

साळूबाईनं हात मागं घेतले. पहिलटकरीण, पोर पायाळू, आणि महिनाही तोच.

"काय झालं, खाला?"

"कायी नाय झालं. गप पडून ऱ्हा. मोजू दे मला."

कळ येऊन गेली. साळूबाईनं ओठातल्या ओठात मेंढपाळ सुरू केला. एक, दोन, तीन. भिंतीवरून एक पाल गेली, तिकडं तिचं लक्ष गेलं आणि परत आलं. चार, पाच. सहावा संपता संपता जहांआरानं गोधडी मुठीत धरली. साळूबाईनं पुन्हा मोजलं. परत सहा. तिसऱ्यांदा सहाच्या वर थोडं. नियम सांगत होता, हलव. सारजाच्या वेळीही सहाच होते हे तिला आठवलं नसेल असं नाही. आठवत होतं म्हणून तर तिला त्या खोलीत थांबवेना. ही पोर एकदाची डॉक्टरच्या हवाली करावी आणि आपण सुटावं, एवढंच तिला हवं होतं. खरं सांगायचं तर ती भ्याली होती.

ती बाहेर आली आणि म्हणाली, "नूरमोहम्मद, टांगा जोड. सरकारी दवाखान्यात न्यायची. येळ हाय अजून."

टांग्याच्या मागच्या बैठकीवर गोधड्या घातल्या. साळूबाई आधी चढून बसली आणि जहांआराला तिनं आपल्या छातीशी टेकवून घेतलं. घोडा चालू लागला. छावणीचा सरळ रस्ता संपला आणि नदीकडचा उतार लागला, तसे खड्डे सुरू झाले. प्रत्येक हादऱ्याला जहांआरा कण्हत होती आणि प्रत्येक कण्हण्याला नूरमोहम्मद मागं वळून बघत होता.

"म्होरं बघ तू!" साळूबाई खेकसली. आणि जहांआराच्या कानाशी तिनं मोजणी चालू ठेवली. आता मोठ्यानं, म्हणजे निदान आवाजानं तरी पोरीला धीर यावा. एक झाला. दोन झाला. तीन. कळ आली, गेली. पुन्हा एकपासून. पाच, सहा. परत सहाच. येळ हाय, येळ हाय, ती स्वतःलाच बजावत होती, आणि तिच्या कपाळावरचा घाम जहांआराच्या ओढणीवर टपकत होता.

एक कळ ओसरली तेव्हा जहांआरानं डोळे उघडले.

"खाला, आज तुमी इत्ती जल्दी कायकू बोल रहे?"

"काय जल्दी?"

"वोइच. तुमारा रोजका, चाय का. मैं भिंत के पिच्छे से रोज सुनती ना. बीच में एक जगा तुमी ठैरते, सांस लेते, मंग आगे बोलते. आज ठैरतेच नै तुमी."

साळूबाईनं मोजणी तिथंच सोडली.

सिस्टरबाईनं महिनाभर घोटून घेतलेला तो श्वास. दरीपाशी थांबायचं. ती थांबत नव्हती? तिनं जहांआराच्या खांद्यावर हात घट्ट दाबला आणि पुढची कळ येऊन जायची वाट बघितली. कळ ओसरली तशी तिनं पहिल्यापासून मेंढपाळ धरला. ह्या खेपेला दवाखान्यातली ती खोली डोळ्यांपुढं आणून, सिस्टरबाई समोर उभी आहे असं धरून, एकेक शब्द सुटा सुटा. दरीपाशी आली. थांबली. श्वास घेतला. मग पुढं. एक झाला. दुसरा झाला. तिसऱ्यात पेला अजून भरायचा होता, तेवढ्यात जहांआराचं सगळं अंग ताठ झालं.

सहा नव्हते. पुरते तीनसुद्धा नव्हते.

अशा वेळी माणसाला एकाच झटक्यात सगळं दिसतं, आणि ते दिसू नये असं वाटतं. साळूबाईला बैलगाडी दिसली. विमानांचा आवाज आला. त्या दिवशी आपण मेंढपाळ कसा म्हणत होतो तेही तिला ऐकू आलं. दाणे उपणल्यासारखं, अर्ध्या वेळात, शब्दांवर शब्द टाकत. तेव्हाही सहा नव्हतेच. चार वर्षं तिनं देवाला खोटं पाडलं होतं, आणि खोटी होती तिची घाबरलेली जीभ. तिला वाटलं आता आपण मोठ्यानं रडणार. पण मांडीवर दुसऱ्याची लेक होती.

"टांगा थांबव!"

"काय?" नूरमोहम्मद मागं वळला.

"थांबव म्हणते ना! पोर आत्ता येतंय. हलत्या गाडीत नाय काढता यायचं मला."

"अरे, पूल दिखतोय समोर! पूल गेला की शहर. अर्ध्या घंट्यात दवाखाना येतो, खाला."

"अर्धा घंटा नाय आपल्याकडं."

"तुमीच तर बोल्ले वेळ आहे! घरून निघताना कोण बोल्लं?" त्याचा आवाज फाटला. त्यानं चाबूक उचलला आणि घोडा उधळल्यासारखा पळू लागला. टांगा एका बाजूला कलला. जहांआरा किंचाळली.

साळूबाईनं एका हातानं पोरीला धरलं आणि दुसऱ्या हातानं नूरमोहम्मदची पाठीमागून कॉलर पकडली. एकोणीस वर्षांत जे शब्द तिनं कुठल्याही बाळंतघरात उच्चारले नव्हते ते तिच्या तोंडून निघाले.

"मी चुकले, नूरमोहम्मद. माझी मोजणी चुकली. सारजाला मी अशीच नेली व्हती, ह्याच रस्त्यानं. तिला कुठं घेऊन आले ते तुला ठावं हाय ना? तूच खांदा दिला व्हता तिला. थांब बाबा!"

नूरमोहम्मदनं लगाम खेचला. घोडा फुरफुरत थांबला.

पुलाच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला करोडगिरीची जुनी चौकी होती. निजामाच्या वेळी मालावरची जकात घ्यायला बांधलेली एक दगडी खोली, पुढं पडवी. आता तिथं माल कमी आणि माश्या जास्त. पुंजाराम नावाचा एक शिपाई कमरेला पंचा आवळून बसलेला असे, कारण त्याच्या कमरेत कायमची उसण भरलेली. तो तीन दगडांच्या चुलीवर चहाचं आधण ठेवून बसला होता. टांग्यातून एका बाईला उचलून आणताना बघून तो धडपडत उठला.

"ओ, ओ! कुठं शिरता? सरकारी खोली हाय ही. सायेब आला तर माझी नोकरी जाईन!"

"सायेब आला की त्याला आत धाड," साळूबाई म्हणाली. "पाय धरायला एक माणूस कमीच हाय. आन् त्या पाण्यात पत्ती टाकू नको. मला पायजे ते."

पुंजारामनं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि आधणाचं भांडं मुकाट्यानं दारात आणून ठेवलं. साळूबाईनं कात्री आणि दोरा त्यात सोडला. खोलीत एक लांब बाकडं होतं, त्यावर गोधडी अंथरली. जहांआराला बाकड्याच्या अगदी कडेला घेतलं, पाय दोन खोक्यांवर टेकवले. दोन्ही पुरुषांना बाहेर काढून तिनं दार लोटलं. बाहेर नूरमोहम्मद काहीतरी पुटपुटत येरझाऱ्या घालू लागला. त्याच्या चपलांचा आवाज आत येत होता.

पायाळूच्या बाळंतपणात सुईणीला सगळ्यात अवघड काम असतं ते काही न करण्याचं. पोराला ओढायचं नाही. ओढलं की त्याचे हात वर जातात, हनुवटी वर होते आणि डोकं आत अडकतं. कंबर आली, पाय आले, तरी त्याला त्याच्या वजनानं लोंबू द्यायचं, मानेवरच्या केसांची कड दिसेपर्यंत. पण दुसरीकडून वेळही धावत असतो. बेंबी बाहेर आली की नाळ दबायला लागते. तिथून पाच मेंढपाळ, बस्स. कड दिसत नाही तोवर पाचाच्या आत हात लावायचा नाही आणि पाचाच्या पुढं थांबायचं नाही. सारजाच्या वेळी साळूबाईनं पाच भरले म्हणून ओढलं होतं. ते पाच खरे किती होते, हे आता तिला कळत होतं. दोन असतील, फार तर अडीच. अजून थोडं थांबली असती तर नातू आपल्या पायांनी जगात आला असता. ही गोष्ट कळायला हीच वेळ सापडावी!

"खाला," जहांआरा म्हणाली, "मैं मरूंगी क्या?"

"नाय. ऐक माझं. तो रोजचा चहा म्हणत्ये मी. मी थांबले की तूबी थांब, श्वास घे. मी चुकले तर मला सांग. सांगशील ना?"

जहांआरानं मान हलवली.

कळ आली. आधी कुल्ले, मग एक पाय, मग दुसरा. इवल्याशा पोटावरची बेंबी दिसली आणि तिच्यातून गेलेली निळसर नाळ. साळूबाईनं पोराच्या कमरेभोवती फडकं गुंडाळलं आणि हात खाली, न ओढता, नुसते धरले.

एक. ती कुरणातून गेली, पाण्याशी आली, दरीपाशी थांबली. दोघींनी एकदमच श्वास घेतला. मग पुढं.

दोन. एक हात सुटून बाहेर आला. नाळ बोटाखाली धडधडत होती. साळूबाईच्या हातांना ओढायची घाई झाली होती. तिचे हात तिचं ऐकत नव्हते. तिनं कोपरं आपल्या बरगड्यांशी दाबून धरली.

तीन. दुसरा हात आला, खांदे आले. आणि पोर थांबलं. काहीच पुढं सरकेना. नाळेची धडधड मंदावली. बाहेर चपलांचा आवाजही थांबला होता. ओढ, ओढ, सगळं अंग तिला सांगत होतं. जीभ पुन्हा पळायला निघाली.

"ठैरो, खाला," जहांआरा दात आवळून म्हणाली. "जल्दी होरी."

साळूबाई थांबली. चौथा मेंढपाळ तिनं पहिल्या शब्दापासून पुन्हा धरला, आणि दरीपाशी आली तेव्हा चार वर्षांत पहिल्यांदा तिला ते शब्द ऐकू आले. तिथं लिहिलंय काय? दरी नाही असं लिहिलेलं नाही. दरी आहे, काळोख आहे, आणि त्यात कुणीतरी सोबत आहे, एवढंच लिहिलंय. एवढंच! म्हणजे बैलगाडीतही ती एकटी नव्हती. सारजाही नव्हती. साळूबाईच्या डोळ्यांतून धारा लागल्या आणि हात तसेच राहिले, न ओढता. चौथा पेल्याशी पोचला. तिनं खाली बघितलं. मानेवर काळ्याभोर ओल्या केसांची कड दिसत होती.

आता मात्र ती क्षणभर थांबली नाही. पोराचे दोन्ही घोटे एका हातात धरून तिनं त्याला अलगद वर, आईच्या पोटाकडं उचललं. हनुवटी आली. तोंड आलं. नाक, कपाळ. पाचवा अजून अर्ध्यावर होता. पोर तिच्या हातात होतं, निळं, ढिलं आणि गप्प.

साळूबाईनं त्याचं तोंड फडक्यानं पुसलं, पाठ चोळली, तळपायांवर टिचक्या मारल्या. काही नाही. तिनं त्याच्या इवल्या नाकातोंडावर आपलं तोंड ठेवून हलकी फुंकर घातली. पुन्हा घातली. जहांआरा मान उचलून बघत होती. तिसऱ्या फुंकरीला पोराचं पोट आत गेलं, हातपाय आखडले, आणि त्यानं असा टाहो फोडला की दाराबाहेर पुंजारामनं "विठ्ठला!" म्हटलं आणि नूरमोहम्मद पडवीत मटकन खाली बसला.

वार पडली, रक्त थांबलं, तेव्हा साळूबाईनं दार उघडलं. "पोरगी हाय," ती म्हणाली. "पायाळू."

नूरमोहम्मदनं तिच्या पायांकडं हात नेला, तो तिनं मध्येच धरला. पुंजारामचा चेहरा मात्र एकदम उजळला. पायाळू माणसानं कमरेत लाथ घातली की उसण उतरते, हे सगळ्या मुलखाला ठाऊक. "मंग पयली लाथ माझी," तो म्हणाला. "खोली माझी व्हती." आणि खरोखरच, ती पोर चार वर्षांची झाली तेव्हा पुंजाराम तिच्यापुढं पालथा पडायला आला. तिचं नाव सगीरा ठेवलं होतं. पुढं वस्तीतल्या निम्म्या लोकांनी तिच्या लाथा खाल्ल्या. म्हातारपणी साळूबाईनंही खाल्ल्या, आणि गुण आला की नाही ते कधी सांगितलं नाही. मोजणी तिनं सोडली नाही. चहाला दोन आणि अंड्याला आठ तसेच चालू राहिले. फक्त आता बाळंतघरात शिरताना ती आधी एक मेंढपाळ न मोजता म्हणे, स्वतःच्या कानांसाठी, आणि मग मोजायला लागे.

पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी मायलेकींना दवाखान्यात पोचवून, डॉक्टरीणबाईनं दोघी ठीक आहेत म्हटलेलं ऐकून साळूबाई परत निघाली. नूरमोहम्मद टांग्यानं सोडतो म्हणाला. तिनं नको म्हटलं. ऊन कलत होतं. पूल ओलांडून, चौकीवरून, त्याच उतारानं ती वर आली आणि घराकडं न वळता कबरस्तानात गेली.

सारजाच्या कबरीवर पावसानं गवत माजलं होतं. साळूबाई खाली बसली, थोडं गवत उपटलं आणि ते हातातच धरून राहिली.

"सारजे," ती म्हणाली, "घाई माझी झाली गं. देवाची नाय झाली. मी भ्याले व्हते. मी तुला धडपणी मोजलंच नाय." बराच वेळ ती तशीच हमसत बसली. मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि मेंढपाळ म्हणायला सुरुवात केली. चार वर्षांचा राहिलेला, लेकीच्या उशाशी बसून. दरीपाशी आली तेव्हा थांबली, आणि तिथं फार वेळ थांबली.

वस्तीतल्या साऱ्या चुलींचा वेळ ओठांवर असणाऱ्या त्या बाईला, त्या संध्याकाळी ते स्तोत्र म्हणायला किती वेळ लागला, हे कधीच सांगता आलं नाही.